अंकातली कविता आणि शुल्क भरून आलेली कविता

चोपडा, शिरपूर, नंदुरबार, कुठल्याही कॉलेजात लिहिणाऱ्या पोरापोरींच्या मोबाइलवर हा मजकूर कधी ना कधी येतोच: ‘राज्यस्तरीय प्रातिनिधिक काव्यसंग्रहासाठी कविता पाठवा. सहभाग शुल्क अमुक. दोन प्रती, सन्मानपत्र, आयएसबीएनसह.’ पोरगं हरखतं, घरून पैसे मागून घेतं. मासिकात किंवा दिवाळी अंकात कविता येणं आणि अशा संग्रहात येणं, दोन्हीकडे नाव छापील दिसतं, म्हणून गल्लत होते.

अंकाकडे गेलेली कविता संपादक वाचतो. आलेल्यातल्या थोड्याच घेतो, बाकीच्या साभार परत; हल्ली तर तेवढंही कळवत नाहीत. संग्रहात शुल्क जमा झालं की कविता घेतली. असा एखादा संग्रह उघडून बघाच. पानाला एक कविता, वर पासपोर्ट फोटो, खाली गाव नि मोबाइल नंबर, आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पाठवल्या तशाच. विकत घेणारे कोण, तर त्यात छापलेलेच.

आयएसबीएनचा दबदबाही फुकाचा. तो पुस्तक ओळखायचा तेरा आकडी क्रमांक. भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी तो मोफत देते. दर्जाशी त्याचा संबंध नाही. नियतकालिकांना आठ आकडी आयएसएसएन असतो, तेव्हा अंकातल्या कवितेला आयएसबीएन नाही म्हणून हिरमुसू नका.

आता खरी गोची. अंकवालेही पैसे मागतात, वर्गणीदार व्हा म्हणतात. छोटी वाङ्मयीन नियतकालिकं वर्गणीवरच तग धरतात, त्यात गैर काही नाही. पण वर्गणी भरली नाही तर कविता घेणार नाही, असं कुणी म्हणालं की तोही शुल्काचाच धंदा समजा.

खानदेशात संपादकांचा दुष्काळ नव्हता. अमळनेरला साने गुरुजी ‘छात्रालय दैनिक’ हातानं लिहून काढत. धुळ्यातून पुरुषोत्तम पाटलांनी १९८५ साली निव्वळ कवितेला वाहिलेलं ‘कविता-रती’ सुरू केलं. नवशिक्यानं आधी कॉलेजचं भित्तिपत्रक, वार्षिक अंक, दैनिकाची रविवार पुरवणी ही दारं ठोठवावीत. कविता युनिकोडमध्ये टाइप करून पाठवा, वहीच्या पानाचा फोटो नको. एका वेळी तीन-चार, आणि एकच कविता एकाच वेळी दोघांकडे नाही. दिवाळी अंकासाठी पावसाळा लागताच पाठवा, नवरात्रात पाठवून उपयोग नाही. कविता अहिराणीत असेल तर अहिराणीतच राहू द्या. अवघड शब्दांचे अर्थ खाली लिहा, झालं.

संग्रहाच्या फॉर्मवर ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ असली ओळ दिसली तर सही करू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कविता लिहिली की हक्क लिहिणाऱ्याचा. त्यासाठी नोंदणीही लागत नाही. तो कायमचा दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखी आणि सहीनिशीच करावा लागतो.

चार मित्रांनी खर्च वाटून घेऊन, एकमेकांच्या कविता वाचून, कच्च्या गाळून संग्रह काढला तर ती गोष्ट वेगळी. तिथे पदरचे पैसे गेले तरी कविता कुणीतरी वाचलेली असते. बाकी शुल्क मागणाऱ्याला फोन करून एवढंच विचारा: आलेल्यापैकी किती कविता नाकारल्या? तो आकडा सांगायचं सोडून शेवटची तारीख सांगू लागला, तर पैसे पाठवू नका.