मौजे, वाडी आणि वस्ती : कोकणातील गावाच्या लोकसंख्येची आणि वाहतुकीची पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्यातील कोणत्याही गावाची माहितीपत्रिका उघडली की लोकसंख्या, दर हजार पुरुषांमागे स्त्रिया, पक्का रस्ता, बससेवा, जवळचे रेल्वे स्थानक असे रकाने दिसतात. हे सर्व आकडे ‘मौजे’चे, म्हणजे सातबाऱ्यावर ज्याचे नाव असते त्या महसुली गावाचे असतात; राहणारा माणूस मात्र आपला ठावठिकाणा वाडीने सांगतो.

जुन्या काळी हा मुलूख बंदरांकडे तोंड करून होता. मुंबईची बोट, खाडीतील होडी आणि पुढे पाखाडीची, म्हणजे दगडी पायवाटेची, चढण असा प्रवास असे, आणि पावसाळ्यात बोटीही बंद पडत. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, तरी कोकणातील आतल्या गावांना तिची वाट बरीच वर्षे पाहावी लागली. गाडी आली तीही अनेक ठिकाणी फाट्यापर्यंतच. गावाच्या खऱ्या उपयोगाची ठरली ती ‘वस्तीची गाडी’: रात्री शेवटच्या थांब्यावर देवळासमोर उभी राहणारी, चालक-वाहक गावातच झोपणारे, आणि पहाटे आजारी माणसाला, कोर्टाच्या तारखेला निघालेल्याला आणि कॉलेजच्या मुलांना घेऊन तालुक्याला जाणारी.

लोकसंख्येचा रकानाही तितकाच सावधपणे वाचावा लागतो. 2001 मध्ये जिल्ह्यात 16,96,777 लोक होते, 2011 मध्ये 16,15,069 उरले. त्या दशकात राज्यात मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग एवढ्या तीनच जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. 2011 मध्ये राज्यात दर हजार पुरुषांमागे 929 स्त्रिया असताना रत्नागिरीत 1,122 होत्या. हा आकडा कौतुकाने सांगितला जातो, पण त्यामागे मोठ्या प्रमाणावर मुंबईला गेलेले पुरुष आहेत. 2011 ची जनगणना 9 ते 28 फेब्रुवारीत झाली, आणि चाकरमानी गावी येतो तो शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीला.

खरा गुंता मात्र ‘वस्ती’ या शब्दाने केला. 25 डिसेंबर 2000 रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या ग्रामसडक योजनेने महसुली गावाऐवजी वस्ती, म्हणजे वाडीसारखा घरांचा समूह, हे एकक धरले, जे तत्त्वतः योग्यच होते. परंतु रस्ता मिळण्यासाठी सपाटीवरील वस्तीला किमान 500 लोकसंख्या, तर डोंगराळ राज्ये, वाळवंट आणि अनुसूचित क्षेत्रे यांसाठी 250 अशी विभागणी करताना डोंगराळपणा राज्यावरून ठरवला गेला, आणि महाराष्ट्र त्या राज्यांत नव्हता. त्यामुळे सह्याद्रीच्या उतारावरील धनगरवाडीला विदर्भातील सलग गावठाणाचाच निकष लागू झाला. जवळच्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरण्याची सोय होती. तीही सपाटीवर 500 मीटरच्या परिघात, आणि डोंगरात मात्र दीड किलोमीटर पायवाटेपर्यंत. समजा, 1,400 लोकांचे गाव नऊ वाड्यांत विखुरले आहे, तर मौजे म्हणून ते मोठे ठरते, पण त्यातील एकही वाडी 500 गाठत नाही. त्यात जनगणना वाडीनिहाय लोकसंख्या प्रसिद्ध करत नाही, म्हणजे ही बेरीज-वजाबाकी स्थानिक पातळीवर कोणाच्या तरी टेबलावर होते. डोंगराळपणा राज्यावरून ठरवण्याचा निर्णय, सौम्य शब्दांत सांगायचे तर, कोकणचा नकाशा समोर न ठेवता घेतलेला होता.

2011 च्या जनगणनेच्या ग्रामसूचीत, म्हणजे गावनिहाय सोयींच्या यादीत, सोय गावात नसेल तर अंतर 5 किलोमीटरपेक्षा कमी, 5 ते 10 किंवा 10 हून अधिक अशा तीन गटांत नोंदवले आहे. गावच्या हद्दीत एका वाडीपाशी गाडी थांबत असली की साऱ्या मौजेला बससेवा आहे असे नोंदले जाते. वरच्या वाडीतील माणसाने साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) ओलांडून तासभर चालत खाली यायचे, ते कोणत्याच रकान्यात बसत नाही. 1998 मध्ये पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेमुळे चाकरमान्याचा प्रवास सुखाचा झाला, मात्र स्थानक ते वाडी हा टप्पा रिक्षावाल्याच्या मर्जीवर राहिला.

ग्रामसडक योजनेच्या 2024 मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यातही आधार 2011 च्याच लोकसंख्येचा आहे. पुढील जनगणनेसाठी संदर्भदिन 1 मार्च 2027 ठरला आहे. म्हणजे शिरगणती पुन्हा फेब्रुवारीतच, शिमग्याच्या आधी.