कबुली दिली की पाप करायला मोकळे?

बेळगाव-खानापूर भागात एक समज जुना आहे: ख्रिस्ती माणसानं फादरकडे कबुली दिली की खातं कोरं, सोमवारपासून पुन्हा तेच. तसं अजिबात नाही. कॅथलिक शिकवणीत कबुलीला खरा पश्चात्ताप आणि पुन्हा न करण्याचा निश्चय लागतो; तो नसेल तर फादरनं उच्चारलेली क्षमाही फोल. शेजाऱ्याचा बांध कोरून दोन सऱ्या लाटल्या असतील, तर त्या परत करायला हव्यात. (इथंच बऱ्याच जणांचा घसा कोरडा पडतो.) देवाची कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का, या प्रश्नाला प्रेषित पौलानं बायबलमधल्या, रोमकरांना लिहिलेल्या पत्रात, ६व्या अध्यायात, साफ नकार दिलाय. मात्र खरा ख्रिस्ती कधी चुकतच नाही, हेही खोटं; योहानाचं पहिलं पत्र (१:८) तसं म्हणणाऱ्याला स्वतःची फसवणूक करणारा ठरवतं. पाप करतच राहणाऱ्या निर्ढावलेल्याचं काय, यावर मात्र पंथांत मतभेद आहेत: कॅथलिक म्हणतात कृपा गमावली, कॅल्व्हिनवादी (प्रोटेस्टंटांतला एक गट) म्हणतात मुळात विश्वासच नव्हता.