टायटॅनियम गंजत नाही, शेजाऱ्याला गंजवतं

‘टायटॅनियमची फ्रेम गंजत नाही, एकदा घेतली की बघायला नको’ हे सायकलवाल्यांच्या गप्पांमधलं ठरलेलं वाक्य. त्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसऱ्यावर विसंबलेल्यांचा सीटपोस्ट (सीट ज्यावर बसते ती दांडी) मात्र पुढे व्हाइसमध्ये, म्हणजे लोखंडी शेगड्यात, धरून, अख्खी फ्रेम फिरवून सोडवावा लागतो.

आधी खरा भाग. टायटॅनियम हा काही शांत धातू नव्हे, ऑक्सिजनसाठी तो हपापलेला असतो. म्हणूनच नळ्या वेल्ड करताना आतून आणि बाहेरून आरगॉन वायू सोडावा लागतो. थंड धातू हवेत उघडा पडला, की त्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा लगेच बसतो. तो सलग आणि घट्ट असल्यामुळे खालचा धातू पुढे ‘खाल्ला’ जात नाही, आणि चरा पडला तरी तिथे नवा पापुद्रा आपोआप येतो. कोकणातल्या खाऱ्या पावसाळी हवेलाही तो दाद देत नाही. (रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत टायटॅनियमचंच खनिज असतं, इल्मेनाइट.)

आता सीटपोस्ट. तो बहुतेकदा अॅल्युमिनियमचा असतो. शाळेत लिंबात जस्ताची पट्टी आणि तांब्याची तार खुपसून व्होल्टमीटरचा काटा हलवला असेल. सीट ट्यूबमध्ये, म्हणजे फ्रेमच्या ज्या नळीत पोस्ट शिरतो तिच्यात, नेमकं तेच होतं, फक्त लिंबाच्या जागी घाम आणि पावसाचं पाणी. खाऱ्या पाण्यात या दोन धातूंच्या विद्युत्-विभवांत साधारण पाऊण व्होल्टचा फरक पडतो. अॅल्युमिनियम अॅनोड होतं, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडून विरघळू लागतं. ते इलेक्ट्रॉन टायटॅनियमच्या पृष्ठभागावर पाण्यातल्या ऑक्सिजनला मिळतात. टायटॅनियमच्या पापुद्र्यावर ही दुसरी क्रिया रेंगाळत होते, म्हणून सगळा प्रकार आठवड्यात उरकत नाही, एक-दोन पावसाळे जातात. तेवढ्यात कुणी पोस्ट हलवून बघत नाही, हीच मेख आहे.

पोस्ट अडकतो तो झिजल्यामुळे नव्हे, फुगल्यामुळे. विरघळलेल्या अॅल्युमिनियमचं पांढरं हायड्रॉक्साइड होतं आणि ते मूळ धातूच्या तिपटीहून थोडी जास्त जागा घेतं. 27.2 मिलिमीटरच्या पोस्टभोवती फट असते केसाएवढी. त्यात ही पांढरी पूड ठासून भरली, की पाचर मारल्यासारखं होतं.

इथे लोक हमखास एक चूक करतात: फ्रेमला हीटगन लावतात. तापल्यावर अॅल्युमिनियम टायटॅनियमच्या दुपटीहून जास्त प्रसरण पावतं, आणि ते आत आहे, म्हणजे पोस्ट आणखी आवळला जातो! करायचं ते उलटं. सायकल उलटी करून बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा आस बसतो त्या भागाच्या) बाजूने सीट ट्यूबमध्ये भेदक तेल सोडायचं आणि एक दिवस मुरू द्यायचं. मग हातमोजे घालून पोस्टच्या बाहेरच्या भागाला कोरड्या बर्फाचे (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचे) तुकडे फडक्यात बांधायचे. जोड 80 अंशांनी थंड झाला, तर व्यासात सुमारे 0.03 मिलिमीटर मोकळीक मिळते. आकडा किरकोळ वाटतो, पण पाचर सैल करायला तेवढा पुष्कळदा पुरतो.

हे टाळायचं तर पोस्ट बसवताना आत जाणाऱ्या पूर्ण लांबीला पाण्याने न धुपणारं जाड ग्रीस किंवा अँटी-सीझ (धातूचे भाग एकमेकांत अडकू न देणारी पेस्ट) लावा. दर सहा महिन्यांनी, पावसाळ्यात महिन्याआड, पोस्ट बाहेर काढा, पुसा, पुन्हा लावा. टायटॅनियमचे आटे टायटॅनियमवर बसत असतील तिथेही अँटी-सीझ हवंच. कोरडे आटे घासले की पापुद्रा फाटतो आणि उघडे पडलेले दोन धातू एकमेकांना चिकटून बसतात. पोस्ट कार्बनचा असेल तर ग्रीस नको, कार्बनची खरखरीत पेस्ट लावा; टायटॅनियम आणि कार्बनचं आपसात भांडण नाही.

धुणं त्या मानाने सोपं. बादलीभर पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन चमचे, मऊ फडकं, आणि पाण्याचा जोरदार फवारा बेअरिंगवर मारायचा नाही. बोटांचे डाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने जातात. मिथेनॉल मात्र वापरू नका. 1966 मध्ये अपोलो यानाची टायटॅनियम मिश्रधातूची इंधनटाकी दाबाच्या चाचणीत फुटली होती. चाचणीसाठी भरलेल्या मिथेनॉलने ताणाखालच्या धातूला तडे पाडले होते. बिनदाबाच्या फ्रेमवर फडकं फिरवल्याने असं होईल असं नव्हे, पण चांगला पर्याय असताना तो धोका कशाला? फ्लोराइड असलेले गंज काढणारे द्रवही लांबच ठेवा, पापुद्रा त्यांच्यापुढे टिकत नाही.

ब्रश फिनिशवरचे ओरखडे मरून रंगाच्या नायलॉन स्कॉच-ब्राइटने, मूळ रेषांच्याच दिशेने, हलक्या हाताने घासायचे. पॅड नवा हवा. स्टील वूल किंवा लोखंडावर फिरवलेला पॅड वापरला, तर लोखंडाचे कण रुततात आणि चार दिवसांनी तांबूस ठिपके दिसतात. टायटॅनियम गंजल्याची तक्रार बहुधा याच ठिपक्यांची असते. मण्यांचा मारा केलेल्या मॅट फ्रेमला पॅड लावूच नका, चकाकते पट्टे पडतात. निळे-जांभळे लोगो अॅनोडाइझ केलेले असतील तर त्यांत रंगद्रव्य नसतंच. विजेने जाड केलेला तोच पापुद्रा, साधारण व्होल्टला दोन नॅनोमीटर, आणि त्याच्या दोन्ही पृष्ठांवरून परतणाऱ्या प्रकाशाचं व्यतिकरण, म्हणजे लहरी एकमेकींत मिसळून काही रंग उठून दिसणं. पॅडच्या चार फटकाऱ्यांत लोगो गायब.

तोच पापुद्रा गळ्यातल्या ‘ऊर्जा देणाऱ्या’ टायटॅनियमच्या माळेवरही असतो. तिथे तो माळ गंजू देत नाही, एवढंच त्याचं काम.

राहिल्या केबल. त्यांच्या वेष्टणाखाली वाळू अडकते, आणि वाळूतलं क्वार्ट्झ टायटॅनियमहून कठीण. हेड ट्यूबपाशी (हँडलखालच्या पुढच्या नळीपाशी) केबल जिथे टेकते तिथे बोटभर पारदर्शक पॉलियुरेथेन पट्टी चिकटवा, आणि कडा उचलली की बदला; उचललेल्या कडेखाली वाळू शिरली तर घासणं पट्टीखालीच सुरू राहतं.