घोट्याची सोनोग्राफी

मुरगळलेल्या घोट्यातील अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, ध्वनिलहरींच्या साहाय्याने पाहण्याची तपासणी. कोकणात पावसाळ्यात जांभ्या दगडाच्या पाखाड्यांवर, म्हणजे पायऱ्यांच्या वाटांवर, शेवाळ धरते, लावणीच्या दिवसांत डोक्यावर ओझे घेऊन निसरड्या मेरेवरून (शेताच्या बांधावरून) चालावे लागते. पाऊल आत वळते, आणि बाहेरच्या घोट्यापासून पुढे टॅलस या हाडाला जाणारा अस्थिबंध सर्वांत आधी ताणतो किंवा फाटतो. टाचेच्या हाडाला जाणाऱ्या बंधाची पाळी त्यानंतर येते. आतल्या बाजूचा बंध रुंद व मजबूत असल्याने तो क्वचित दुखावतो.

सुजेवर हळद-तुरटीचा लेप घरोघर लावतात, त्याला हरकत नाही. ताजा मुरगळलेला पाय जोरजोराने चोळणे मात्र टाळावेच. आधी हाड मोडले आहे का, हे ठरवायचे असते. त्यासाठी कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडलेले नियम आजही वापरतात: घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर दाबल्यास दुखत असेल, अथवा चार पावलेही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढावा.

अस्थिबंध एक्स-रेत दिसत नाहीत. सोनोग्राफीत बाहेरच्या घोट्याच्या टोकाशी जेल लावून सपाट प्रोब, म्हणजे ध्वनिलहरी सोडणारा यंत्राचा हातात धरायचा भाग, पुढच्या दिशेने, जवळजवळ तळव्याला समांतर धरतात. बंध त्वचेखाली अगदी वर असल्याने १० मेगाहर्ट्झच्या वरच्या वारंवारतेचा प्रोब सोयीचा. निरोगी बंध उजळ, ताणलेल्या तंतूंच्या पट्टीसारखा दिसतो. अर्धवट फाटलेला सुजून जाड व काळपट होतो. पूर्ण तुटला तर तंतूंत खंड पडतो आणि तिथे रक्त किंवा द्रव साचलेला दिसतो. प्रोब जरा तिरपा झाला तरी धडधाकट बंधही काळा दिसतो, म्हणून तपासणाऱ्याचा हात सरावलेला हवा. दुसऱ्या पायाशी तुलना करावी.

या तपासणीचे खरे बळ हालचालीत आहे. डॉक्टर टाच हलकेच पुढे ओढतात. बंध तुटला असेल तर टॅलस पुढे सरकताना आणि फट रुंदावताना पडद्यावर तिथल्या तिथे दिसते. पहिल्या दिवशी वेदनेमुळे रुग्ण पाय आखडून धरतो, तेव्हा चार-पाच दिवसांनी पुन्हा तपासणे श्रेयस्कर.

१९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी सक्तीची आहे, आणि फिरत्या यंत्रांवर कडक बंधने आहेत. यंत्र वाडीवर नेणे त्यामुळे सोपे नाही; रुग्णालाच तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी आणावे लागते. टॅलसवरील कूर्चेची किंवा हाडाच्या आतली इजा सोनोग्राफीत नीट कळत नाही. पट्टा आणि व्यायाम करूनही दुखणे महिनोन्‌महिने रेंगाळले, तर एमआरआय करून घ्यावा.