नूनन, फ्रेडरिक जोसेफ

(जन्म ४ एप्रिल १८९३, २ जुलै १९३७ रोजी बेपत्ता). अमेरिकन विमान-मार्गनिर्देशक. शिकागो येथे जन्म. लहान वयातच ते व्यापारी जहाजांवर गेले आणि नौकानयनाची विद्या तेथेच शिकले. पुढे पॅन अमेरिकन या विमान कंपनीत असताना पॅसिफिकवरील हवाई मार्गांच्या आखणीत त्यांचा मोठा वाटा होता. नोव्हेंबर १९३५ मध्ये ‘चायना क्लिपर’ या कंपनीच्या उडत्या बोटीने (पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने) सॅन फ्रान्सिस्को परिसरातून मनिलापर्यंत पहिली टपाल-फेरी केली, तेव्हा मार्गनिर्देशक तेच होते.

१९३७ मध्ये अमेरिकन वैमानिक अमीलिया एअरहार्ट यांच्या पृथ्वीप्रदक्षिणेत ते सहभागी झाले. लॉकहीड इलेक्ट्रा विमानाने १ जूनला मायामी सोडले आणि आफ्रिका, कराची, कलकत्ता, सिंगापूर, डार्विन असे टप्पे घेत ते न्यू गिनीतील लाए येथे पोहोचले. पुढचे लक्ष्य पॅसिफिकमधील हाऊलँड, सुमारे ४,१०० किमी. दूरचे, जेमतेम दोन-अडीच किमी. लांबीचे सखल बेट होते. रेडिओतील अडचणींमुळे क्रोनोमीटर (मार्गनिर्देशनासाठीचे अचूक घड्याळ) प्रमाणवेळेशी जुळवता न आल्याने लाएहून निघण्यास विलंब झाला. ही बाब किरकोळ नव्हे : सूर्य-ताऱ्यांवरून रेखांश काढताना घड्याळात चार सेकंदांची चूक झाली, तर विषुववृत्ताजवळ रेखांश सुमारे एका सागरी मैलाने चुकतो.

२ जुलैच्या सकाळी हाऊलँडजवळ थांबलेल्या ‘इटास्का’ या तटरक्षक जहाजाला विमानाचे संदेश ऐकू येत होते. मात्र त्याची उत्तरे विमानात जवळजवळ पोहोचतच नव्हती. ८ वाजून ४३ मिनिटांच्या संदेशात ‘१५७–३३७ रेषेवर आहोत’ असे सांगितले होते. १५७ आणि ३३७ अंश या परस्परविरुद्ध दिशांना जाणाऱ्या या रेषेचा अर्थ अभ्यासकांनी बराच चर्चिला आहे. उगवत्या सूर्याची दिशा त्या दिवशी सुमारे ६७ अंश होती आणि ही रेषा तिला काटकोनात येते. त्यामुळे ती सूर्यवेधावरून, म्हणजे सूर्याची क्षितिजापासूनची उंची मोजून, काढलेली स्थानरेषा असावी, हे मत बहुधा ग्राह्य ठरते. एका वेधावरून विमान कोणत्या रेषेवर आहे हे कळते, रेषेवर नेमके कोठे आहे हे कळत नाही. हाऊलँड नजरेस न पडल्यास रेषेवरून उत्तर-दक्षिण शोध घेणे हा त्यावरचा रूढ उपाय होता, आणि त्याच संदेशातही तसाच उल्लेख आहे. शिवाय तत्कालीन नकाशांत बेटाचे स्थान काही मैलांनी चुकलेले होते. हा सारा तपशील पाहता दोष एकट्या नूनन यांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. त्यांच्या मद्यपानाच्या कथांनाही ठोस आधार नाही.

अमेरिकन नौदलाने १९ जुलैला शोध थांबवला. इंधन संपून विमान हाऊलँडजवळ बुडाले, हे मत सर्वांत संभवनीय वाटते. जपान्यांनी पकडल्याच्या कथेला पुरावा तुटपुंजा आहे. त्याच रेषेच्या दिशेने आग्नेयेस सुमारे ६५० किमी.वरील गार्डनर (आता निकुमारोरो) बेटावर विमान उतरल्याचा पक्ष अधिक विचारार्ह आहे. तेथे १९४० मध्ये मानवी हाडांसोबत सेक्स्टंटची (असे वेध घेण्याच्या उपकरणाची) रिकामी पेटी मिळाली. ती नूनन यांची होती, हे सिद्ध झालेले नाही. पेटी आणि हाडे दोन्ही पुढे हरवली.