श्वानसोबत (मानसिक आघातानंतरची)

श्वानसोबत : मानसिक आघात सोसलेल्या व्यक्तीला कुत्र्याशी जुळलेल्या नात्यातून मिळणारा आधार. अपघात, महापूर, दंगल, लैंगिक अत्याचार, घरातील आत्महत्या, लहानपणीचा छळ अशा अनुभवांनंतर ज्यांची झोप, विश्वास आणि माणसांतला वावर मोडून पडतो, त्यांच्या संदर्भात ही संज्ञा येथे योजली आहे. हा आधार उपचाराची जागा घेत नाही. उपचार चालू असताना दिवस निभावून नेण्याचे बळ देतो. प्रस्तुत नोंदीत जळगाव, धुळे व नंदुरबार ह्या जिल्ह्यांचा, म्हणजे खान्देशाचा विचार प्रामुख्याने केला आहे. शास्त्रीय पुरावा मात्र बहुतांशी अमेरिकेतील माजी सैनिकांवरील अभ्यासांतून आलेला असल्याने तो तेथलाच म्हणून दिला आहे.

संज्ञा : ‘आघात’ हा शब्द मराठीत पक्षाघात, मेंदूचा आघात अशा शारीरिक विकारांशी आधीच जोडलेला असल्याने घोटाळा होतो. मानसशास्त्रीय लेखनात ‘आघातोत्तर तणाव विकार’ हा प्रतिशब्द रूढ होत आहे. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानसंहितेत ह्या विकाराला 1980 मध्ये स्वतंत्र स्थान मिळाले. त्याआधी पहिल्या महायुद्धातील ‘शेल शॉक’सारख्या नावांनी तो ओळखला जाई. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या वर्गीकरणात दीर्घकाळच्या छळातून येणारा ‘जटिल’ प्रकार वेगळा नोंदवला आहे. बोलीत ह्याला एकच एक नाव नाही. ‘धसका घेतला’, ‘भीती बसली’, ‘झोपेत दचकतो’, ‘कशात जीव लागत नाही’ असे घरचे लोक सांगतात, आणि ही वर्णने निदानसंहितेतील लक्षणांशी आश्चर्यकारकरीत्या जुळतात. पुष्कळदा ‘बाहेरचं’ समजून आधी भगताकडे नेले जाते. ‘श्वान’ हा ग्रंथातला शब्द. पुढे ‘कुत्रा’ हाच वापरला आहे.

उगम व इतिहास : कुत्र्याच्या सहवासाचा उपचारात वापर प्रथम कोठे झाला, ह्याविषयी एकमत नाही. बेल्जियममधील गेल ह्या गावात मनोरुग्णांना शेतकरी कुटुंबांत ठेवून घेण्याची मध्ययुगीन प्रथा होती. काही लेखक तिथूनच सुरुवात धरतात. पण त्या प्रथेचा गाभा कुटुंबात सामावून घेणे हा होता, आणि जनावरे शेतावर होती म्हणून ती उपचाराचे साधन ठरत नाहीत. विल्यम ट्यूक ह्यांच्या पुढाकाराने इंग्लंडमधील यॉर्क येथे 1796 मध्ये सुरू झालेल्या ‘रिट्रीट’ ह्या आश्रयगृहाचा दावा अधिक भक्कम वाटतो. तेथे अंगणात ससे, कोंबड्या असे लहान प्राणी हेतुपूर्वक पाळले जात आणि रुग्णांनी त्यांची निगा राखावी अशी अपेक्षा असे. तथापि त्यांत कुत्र्याला विशेष स्थान होते असे दिसत नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांनी 1860 च्या सुमारास, दीर्घकाळच्या आजाऱ्याला एखादा लहान पाळीव प्राणी उत्तम सोबती ठरतो, असे शुश्रूषेच्या टिपणांत लिहिले. त्या निरीक्षणाचे मोल आहे, पण ती पद्धती नव्हे.

दुसऱ्या महायुद्धात 1944 मध्ये न्यू गिनीत सापडलेली ‘स्मोकी’ ही यॉर्कशायर टेरियर जातीची चिमुकली कुत्री जखमी सैनिकांच्या खाटांवर फिरवली जाई. तिला लोकप्रिय लेखनात ‘पहिली उपचार-कुत्री’ म्हणतात. त्याच सुमारास न्यूयॉर्क राज्यात पॉलिंग येथील विमानदलाच्या विश्रांतिगृहात सैनिकांना शेतातील जनावरांची कामे दिली जात. ह्या सर्व घटनांत सहवास होता, मात्र त्याचा विचारपूर्वक मांडलेला सिद्धान्त नव्हता. तो अमेरिकी बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन ह्यांनी मांडला. कोणाशीही न बोलणारा एक मुलगा ठरलेल्या वेळेआधीच त्यांच्याकडे आला असता त्यांचा ‘जिंगल्स’ हा कुत्रा खोलीत होता, आणि मुलाने त्याच्याशी खेळ मांडला. ह्या अनुभवावर त्यांनी 1961 मध्ये व्यावसायिक सभेत निबंध वाचला. 1962 मध्ये तो छापला गेला. सभेत त्यांची थट्टा झाल्याचे सांगतात. फ्रॉइड ह्यांच्या उपचारकक्षातही ‘योफी’ ही चाऊ जातीची कुत्री बसत असे, हे पुढे कळल्यावर थट्टा काहीशी ओसरली. प्रस्तुत लेखकाला लेव्हिन्सन ह्यांच्यापासून गणना करणे अधिक योग्य वाटते, कारण कुत्रा उपचारकाचे काम करीत नाही, तो रुग्ण आणि उपचारक ह्यांच्यातले अंतर कमी करतो, हा भेद प्रथम त्यांनीच स्पष्ट केला.

भारतीय परंपरेत कुत्र्याचे स्थान दुहेरी आहे. ऋग्वेदातील सरमा ही देवांची कुत्री, महाप्रस्थानात युधिष्ठिराची सोबत न सोडणारा कुत्रा, वैश्वदेवात कुत्र्यासाठी काढून ठेवला जाणारा घास (श्वानबळी), नामदेवांनी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणे, ही एक बाजू. अपवित्र म्हणून उंबऱ्याबाहेर ठेवणे ही दुसरी. खंडोबाच्या मूर्तीत कुत्रा असतो आणि त्याचे वाघ्ये स्वतःला देवाचा कुत्रा म्हणवतात. दत्तमूर्तीजवळच्या चार कुत्र्यांचा ‘चार वेद’ हा अर्थ उत्तरकालीन असावा. खान्देशात तापीकाठी सारंगखेडा (ता. शहादा) येथे एकमुखी दत्ताचे मंदिर आहे, तेथील दत्तजयंतीची यात्रा घोडेबाजारासाठी प्रसिद्ध आहे. ह्या परंपरांतून उपचाराची कल्पना निघत नाही. कुत्र्याशी बोलणाऱ्या माणसाला वेडा न ठरवण्याची मुभा मात्र त्यांनी दिली आहे, आणि ती लहान गोष्ट नव्हे.

प्रकार : तीन प्रकार काटेकोरपणे वेगळे ठेवावे लागतात. (1) साहाय्यक कुत्रा : एका व्यक्तीसाठी विशिष्ट कामे शिकवलेला. उदा., दुःस्वप्नात तडफडणाऱ्याला नाकाने ढोसून जागे करणे, गर्दीत मालकाच्या पाठीशी उभे राहून मागून कोणी अंगावर येणार नाही असे अंतर राखणे, धाप लागताच मांडीवर डोके टेकवणे. (2) उपचार-कुत्रा : प्रशिक्षित हाताळणाऱ्यासह रुग्णालयात, शाळेत येऊन अनेकांना भेटणारा. (3) भावनिक आधाराचा कुत्रा : विशेष प्रशिक्षण नसलेला, केवळ सहवास देणारा. अमेरिकेतील कायदा पहिल्यालाच सार्वजनिक ठिकाणी प्रवेशाचा हक्क देतो. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये मानसिक आजाराचा समावेश 21 दिव्यांगत्वांत आहे. खान्देशातला कुत्रा जवळजवळ नेहमीच तिसऱ्या प्रकारचा आणि गावठी असतो.

कार्य कसे होते : आघातानंतर मेंदूतील धोक्याची घंटा थांबत नाही. दार वाजले, फटाका फुटला, मागून पावले ऐकू आली की अंग ताठ होते. रात्र पहारा देण्यात जाते. कुत्र्याचा पहिला उपयोग इथेच होतो. तो माणसाहून आधी ऐकतो, आणि तो निवांत झोपला असेल तर बाहेर काही नाही, ही खात्री शब्दांवाचून मिळते. पहारा वाटून घेतल्यासारखे होते. दुसरा उपयोग बधिरपणावर. भूतकाळातील दृश्य डोळ्यांपुढे उभे राहून भोवतालचे भान सुटते, तेव्हा कुत्र्याची ऊब, श्वास, ओले नाक हे ‘आत्ता’चे पुरावे असतात. तिसरा, आणि बहुधा सर्वांत दुर्लक्षित, म्हणजे नेम. कुत्र्याला सकाळी बाहेर न्यावेच लागते, भाकरी वेळेवर द्यावीच लागते. जिला स्वतःसाठी उठवत नाही, ती व्यक्ती त्याच्यासाठी उठते. शिवाय काय घडले हे तो विचारत नाही. अत्याचार सोसलेल्या स्त्रीला वा मुलाला न विचारला जाण्याचा हा दिलासा किती मोठा असतो, हे त्यांच्याजवळ बसलेल्यालाच कळते.

शरीररसायनाच्या बाजूने, दक्षिण आफ्रिकेतील 2003 मधील अभ्यासात कुत्र्याला कुरवाळल्यानंतर माणूस व कुत्रा दोघांतही ऑक्सिटोसिन (जवळिकीशी जोडलेले संप्रेरक) वाढल्याचे आणि माणसातील कॉर्टिसोल (ताणाशी जोडलेले संप्रेरक) घटल्याचे आढळले. जपानमधील अझाबू विद्यापीठातील संशोधकांनी 2015 मध्ये दाखवले, की मालक व कुत्रा एकमेकांकडे जितके दीर्घ पाहतात तितके दोघांतील ऑक्सिटोसिन वाढते. माणसाळवलेल्या लांडग्यांत हे दिसले नाही. ह्या निष्कर्षांना ‘प्रेमाचे संप्रेरक’ म्हणून जी प्रसिद्धी मिळाली ती अतिरेकी होती. नमुने लहान होते.

पुरावा : अमेरिकेतील परड्यू विद्यापीठाच्या 2018 च्या अभ्यासात 141 माजी सैनिकांपैकी साहाय्यक कुत्रा मिळालेल्यांत लक्षणांची तीव्रता प्रतीक्षायादीतील इतरांपेक्षा कमी होती, तरी सरासरीने ते विकाराच्या मर्यादेखाली आले नव्हते. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 156 जणांच्या अभ्यासात तीन महिन्यांनंतर निदान कायम राहण्याची शक्यता (ऑड्स) कुत्रा असलेल्या गटात 66 टक्क्यांनी कमी आढळली. दोन्ही अभ्यासांत गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, म्हणून फरक कुत्र्यामुळेच पडला असे ठामपणे म्हणता येत नाही. अमेरिकी माजी सैनिक विभागाने मात्र 181 जणांना चिठ्ठीनेच साहाय्यक वा भावनिक आधाराचा कुत्रा दिला. दोन्ही गट सुधारले. दैनंदिन कार्यक्षमता व जीवनमान ह्यांत गटांमध्ये फरक पडला नाही, विकाराच्या लक्षणांत साहाय्यक कुत्र्याच्या गटाला थोडी अधिक सुधारणा दिसली. महागडे प्रशिक्षण नसलेला कुत्राही निरुपयोगी नाही, असा ह्याचा एक अर्थ निघतो. गावठी कुत्र्यावर भिस्त असलेल्या प्रदेशासाठी तो अर्थ महत्त्वाचा आहे.

खान्देशातील स्थिती : राज्यातील येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी ही चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये खान्देशाबाहेर आहेत. जिल्हा रुग्णालये, तिन्ही जिल्ह्यांतील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आणि 2022 पासूनची ‘टेलिमानस’ ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा (क्रमांक 14416) हे आधार आहेत. नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी वा अक्कलकुवा तालुक्यांतील पाड्यावरून जिल्ह्याच्या ठिकाणी येणे हाच एक दिवसाचा प्रवास ठरतो. आघाताचे प्रसंग थोडे नाहीत. कापूस बुडाल्यावर होणाऱ्या आत्महत्यांमागे राहिलेली कुटुंबे, ऑगस्ट 2019 मधील शिरपूरजवळच्या रसायन कारखान्यातील स्फोट, ऑगस्ट 2021 अखेरचा चाळीसगावचा तितूर नदीचा पूर, जानेवारी 2025 मधील पाचोऱ्याजवळची रेल्वे दुर्घटना.

कुत्रा येथे पूर्वीपासून कामाचा सोबती आहे. धुळे जिल्ह्यातील ठेलारी मेंढपाळांच्या वाड्याबरोबर (फिरत्या तांड्याबरोबर) तो चालतो. सातपुड्यातील भिल्ल व पावरा वस्त्यांत घरे दूर दूर असल्याने त्याचे भुंकणे हाच शेजार असतो. शेतीची वीज रात्रीची असली की रावेर-यावलच्या केळीत पाणी भरायला जाणाऱ्याच्या पुढे तोच असतो. मोत्या, वाघ्या, खंड्या ही नावे घरोघर ऐकू येतात. नवरा गमावलेल्या बाईला रात्री मळ्यात वा एकट्या घरात राहावे लागते तेव्हा ओट्यावरच्या कुत्र्यामुळे डोळा लागतो, हे कोणी ‘उपचार’ म्हणून सांगत नाही. ‘तो आहे म्हणून’ एवढेच सांगतात. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीचा चतकोर हा त्याचा मोबदला. मनोविकारतज्ज्ञांनी, समुपदेशकांनी व आशा सेविकांनी घरी कुत्रा आहे का आणि त्याच्याशी कसे आहे, एवढा प्रश्न विचारपूसीत घालावा, असे प्रस्तुत लेखकाला आग्रहाने वाटते. त्याला खर्च लागत नाही.

मर्यादा व दक्षता : कुत्रा चावल्यानेच ज्याला धसका बसला आहे, त्याच्यावर कुत्रा लादणे क्रूरपणाचे आहे. कुत्र्याशिवाय घराबाहेर न पडण्याची सवय लागली तर टाळाटाळीचे, म्हणजे भीतीच्या जागा व प्रसंग टाळत राहण्याचे, लक्षण बळावते, अशी शंका काही तज्ज्ञ घेतात आणि ती रास्त आहे. छळ करणारी व्यक्ती घरातच असेल, तर ती कुत्र्यालाही इजा करते वा तशी धमकी देते. अशा घरात आधी माणसाची आणि कुत्र्याची सुरक्षितता पाहावी.

रेबीजबाबत तडजोड नाही. जगातील रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश भारतात होतात. पिल्लाला तीन महिन्यांचे झाल्यावर लस, मग वेळापत्रकाप्रमाणे पुढचे डोस आणि दरवर्षी बूस्टर द्यावा. चावा वा ओरखडा झाल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. हळद, चुना, मिरची भरू नये आणि झाडफुंकीत वेळ घालवू नये. रस्त्यावरच्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण, लसीकरण व त्यांना अन्न देण्याच्या जागा ह्यांविषयी 2023 चे केंद्रीय नियम आहेत.

कुत्र्याचे आयुष्य साधारण दहा ते तेरा वर्षांचे. मोकाट वा शेतावरच्याचे त्याहून कमी, आणि बिबट्याच्या वावरात आणखी कमी. त्याचा मृत्यू आघातग्रस्ताला पहिल्या घटनेइतका खोल जाऊ शकतो. म्हणून कुत्रा म्हातारा झाला की उपचारकाला आधीच सांगून ठेवावे. बांधाशी पुरताना त्या व्यक्तीला तेथे असू द्यावे आणि दुसरे पिल्लू तिने मागितल्यावरच आणावे.