परवडणारा ट्यूब कॉम्बो आणि क्लासिक रॉकचा टोन : पार्श्वभूमी

क्लासिक रॉकसाठी कमी पैशांत ट्यूब कॉम्बो (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा, स्पीकरही त्याच पेटीत असलेला गिटारचा अँप म्हणजे अँप्लिफायर) घ्यायचा म्हटलं की जास्त वॉट, जास्त चॅनेल, जास्त इफेक्ट म्हणजे चांगला अँप, असा हिशेब सुरू होतो. हा टोन मुळात कुठून आला हे पाहिलं, तर तो हिशेब उलटा ठरतो. ज्या अँपनी तो घडवला, त्यातले काही स्वस्त म्हणूनच जन्माला आले होते.

लिओ फेंडर हे कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचे. त्यांना गिटारचा आवाज स्वच्छ हवा होता, फाटलेला नव्हे. १९५०च्या दशकात ट्वीड कापड चढवलेल्या त्यांच्या अँपमध्ये सगळ्यात धाकटा होता चँप, खास शिकणाऱ्यांसाठी. गिटारचा क्षीण सिग्नल आधी वाढवणारी एक १२एएक्स७ प्रीअँप ट्यूब, मग स्पीकर हलवणारी एक ६व्ही६ पॉवर ट्यूब, आठ इंची स्पीकर आणि जेमतेम ५ वॉट. टोनचं बटणही नाही, फक्त व्हॉल्यूम. तो निम्म्याच्या पुढे नेला की पॉवर ट्यूबची मर्यादा येते, ध्वनिलहरींचे शेंडे चपटे होतात आणि आवाज फाटतो. पिक हलकं मारलं किंवा गिटारचाच व्हॉल्यूम थोडा उतरवला, की तोच अँप पुन्हा साफ वाजतो. हाताखाली असं वागणारा अँप हवा, म्हणून तर ट्यूब हवी.

पुढची गोष्ट लंडनची. तिथे अमेरिकन अँप फार महाग पडायचे. हॅनवेलमध्ये जिम मार्शल यांचं ड्रमचं दुकान होतं. केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांना हाताशी धरून त्यांनी १९६२मध्ये फेंडरच्या बेसमन या अँपच्या सर्किटवरून आपला अँप उभा केला. तोच जेटीएम४५. सर्किट जवळपास तेच, पण सुटे भाग हाताशी मिळतील ते. बेसमनमध्ये पहिली ट्यूब १२एवाय७ होती, इथे ईसीसी८३ बसली. ईसीसी८३ म्हणजे १२एएक्स७चंच युरोपीय नाव, आणि तिची वर्धनक्षमता १२एवाय७च्या दुपटीहून अधिक. त्यात स्पीकर ब्रिटिश सेलेस्टियनचे. एवढ्या फरकाने अँप लवकर आणि अधिक खरखरीत फाटू लागला.

याच जेटीएम४५चा दोन बारा इंची स्पीकरवाला कॉम्बोही निघाला. त्याचा मॉडेल क्रमांक १९६२, हे साल नव्हे. ब्रिटिश ब्लूज गायक जॉन मेयॉलच्या बँडसोबत १९६६च्या अल्बमसाठी गिटारवादक एरिक क्लॅप्टनने लेस पॉल गिटार या कॉम्बोला जोडली, आणि स्टुडिओतही तो मोठ्या आवाजातच वाजवला. आज आपण क्लासिक रॉकचा टोन म्हणतो, त्याचा साचा माझ्या मते तिथे पडला. ब्रिटिश व्हॉक्स कंपनीचा एसी३० हा अँप त्याआधीचाच. त्यातल्या चार ईएल८४ ट्यूबमुळे येणारी वरच्या पट्टीतली चमक हा वेगळाच रस्ता.

मग मैदानं मोठी झाली, १०० वॉटचे अँप आले आणि खरी अडचण उभी राहिली : पॉवर ट्यूब फाटेपर्यंत व्हॉल्यूम चढवला तर कान बसतात. १९७५च्या सुमारास मार्शलने त्यावर मास्टर व्हॉल्यूम दिला, म्हणजे प्रीअँपनंतर एकूण आवाज वेगळा कमी करणारं बटण. त्याने कमी आवाजातही डिस्टॉर्शन, म्हणजे तो फाटलेला आवाज मिळतो, पण ते मुख्यतः प्रीअँपमधलं. पॉवर ट्यूब निवांतच राहतात. प्रीअँपचं डिस्टॉर्शन बारीक आणि घट्ट लागतं, पॉवर ट्यूबचं रुंद आणि मोकळं. जुन्या रॉकचे कान असलेल्याला हा फरक लगेच कळतो.

तोवर रेडिओ-टीव्हीतून ट्यूब हद्दपार होत होत्या. आता त्या बनतात मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये. १९९०च्या दशकात फेंडरने प्रो ज्युनियर आणि ब्लूज ज्युनियर आणले : हाताने जोडलेल्या तारांऐवजी छापील सर्किट बोर्ड, १५ वॉट, आणि विशेष म्हणजे अमेरिकन कंपनी असूनही पॉवरला दोन ईएल८४. प्रो ज्युनियरवर तर फक्त व्हॉल्यूम आणि टोन. आजचा परवडणारा ट्यूब कॉम्बो बराचसा याच वळणाचा आहे.

वॉटच्या बाबतीत एक गणित ध्यानात ठेवावं. ५० वॉटवरून ५ वॉटवर आलं तर फरक १० डेसिबलचा, म्हणजे कानाला आवाज साधारण निम्मा. त्यामुळे पूर्ण उघडलेला ५ वॉटचा कॉम्बोही घरात चांगलाच मोठा वाजतो. एकट्याने वाजवायचं आणि रेकॉर्डिंग करायचं असेल तर ५ वॉट पुष्कळ झाले. ड्रमरसोबत वाजवायचं तर १५ वॉट आणि बारा इंची स्पीकर असलेला बघावा. आठ इंची स्पीकर आणि लहान खोक्यातून खालचे सूर भरून येत नाहीत, मग आत ट्यूब कोणतीही असो. तोच छोटा अँप बाहेरच्या मोठ्या कॅबिनेटला (वेगळ्या स्पीकरपेटीला) जोडला की टोन एकदम भारदस्त होतो. म्हणून घेताना मागे बाहेरच्या स्पीकरसाठी जॅक आहे का, ते आधी पाहावं.